मांजराचे जंत आणि घरातली मुले

गोड खाल्ले की पोटात जंत होतात, असे आपल्याकडे अजूनही सर्रास सांगितले जाते. पोराने गुळाचा खडा मागितला की आजी दटावते. मांजराचे पिल्लू मरतुकडे दिसू लागले की "दूध फार पिते, जंत झाले असतील" म्हणून त्याची बशी काढून घेतात. गोडाने जंत होत नाहीत. जंतांची अंडी मातीतून आणि न धुतलेल्या हातांतून पोटात जातात. दुधाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. बशीतल्या दुधाने जंत होत नसले, तरी मांजरीच्या अंगावरच्या दुधातून गोल जंतांच्या अळ्या पिल्लांच्या पोटात खरोखरच जातात. पिल्लू नीट चालायला लागण्याआधीच त्याच्या आतड्यात जंत वाढू लागलेले असतात. अंग काटकुळे आणि पोट नगाऱ्यासारखे, अशी पिल्ले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ते खाऊन सुटलेले पोट नसते.

आपल्या चाळींत, वस्त्यांत आणि गावाकडच्या घरांत मांजर आले ते हौसेपेक्षा गरजेपोटी. धान्याला उंदीर लागतो म्हणून आणलेले मांजर हळूहळू पोरांच्या गोधडीत झोपू लागते. त्याला औषध द्यायची वेळ आली की हात जातो तो फळीवरच्या पोरांच्या औषधाकडे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळांत आणि अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्यामुळे हे नाव घराघरांत पोहोचले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ती गोळी मांजराला देऊ नये, हे आम्हाला इथे स्पष्टपणे सांगायचे आहे. या औषधाने मांजराच्या हाडांतल्या मगजावर, म्हणजे जिथे रक्त तयार होते तिथेच, घात झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकांनी नोंदवली आहेत. शिवाय मुलांची गोळी ४०० मिलिग्रॅमची, आणि सहा आठवड्यांचे पिल्लू जेमतेम अर्धा-पाऊण किलोचे. अंदाजाने तुकडा मोडून भागत नाही.

लसूण चेचून भातात कालवणे हा दुसरा घरगुती उपाय. लसणाने आणि कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जंत राहतात आणि रक्त जाते. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, अंग तापले म्हणून मांजराला पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. माणसाची एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

मग द्यायचे काय? मांजरांसाठी पायरँटेल आणि प्राझिक्वान्टेल ही औषधे वापरतात, पुष्कळदा एकाच गोळीत. पहिले गोल जंतांवर व रक्त पिणाऱ्या अंकुशजंतांवर, दुसरे चपट्या जंतांवर. मात्रा वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यकांनीच ठरवावी. आपण वजन तेवढे नीट करून न्यावे. पिल्लू पिशवीत घालून वाण्याच्या काट्यावर ठेवता येते. मोठे मांजर असेल तर आधी ते कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. गुरांचा दवाखाना फक्त गुरांसाठी असतो असे समजून पुष्कळजण तिकडे फिरकत नाहीत. परळच्या बाई साकराबाई पेटिट रुग्णालयाला मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, पण तिथे मांजरांवरही उपचार होतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही मांजर दाखवता येते.

एकदा औषध दिले की काम झाले, हा समज सर्वांत महागात पडतो. हे औषध आतड्यातल्या जंतांना मारते. ज्या अळ्या त्या वेळी यकृतातून, फुप्फुसातून फिरत असतात त्या वाचतात आणि काही दिवसांनी आतड्यात उतरतात. औषधाचा असर तोवर संपलेला असतो. म्हणून पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठवा आठवडा होईपर्यंत डोस देतात, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा. पिल्लांबरोबर त्यांच्या आईलाही द्यायचे, हे बहुतेकजण विसरतात. उंदीर मारणाऱ्या मोठ्या मांजराला साधारण तीन महिन्यांनी एकदा.

गोळी देताना मांजराला जुन्या टॉवेलात गुंडाळावे, डोके किंचित वर करून गोळी जिभेच्या मुळाशी टाकावी आणि मागून चमचाभर पाणी हळूहळू पाजावे. कोरडी गोळी घशात अडकून जखम करते. प्राझिक्वान्टेल फार कडू असते. तोंडाला फेस आला तर घाबरू नये, तो कडवटपणाचा असतो. बोंबलाच्या तुकड्यात लपवलेली गोळी काही मांजरे गुपचूप खातात, काही बोंबील खाऊन गोळी तेवढी बाजूला काढून ठेवतात.

आता मुलांचे. मांजराच्या गोल जंताची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिल्यावर ती बाधक होतात आणि महिनोन्महिने टिकतात. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर दिवसा पोरे खेळतात आणि रात्री मांजरे शी करून जातात. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलाच्या पोटात ही अंडी गेली तर अळ्या यकृतात आणि क्वचित डोळ्यात शिरतात, आणि डोळ्याची नजर अधू होऊ शकते. असे नेहमी घडत नाही, पण घडते. मांजराला हाकलून हे टळत नाही, कारण हाकललेले मांजर त्याच वाळूवर जाते. घरातल्या मांजराची विष्ठा रोजच्या रोज कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी, वाळूचा ढीग झाकावा आणि जेवणाआधी पोरांचे हात साबणाने धुवावेत.

शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे वळवळताना दिसले तर ते चपट्या जंताचे तुकडे. हा जंत पिसवांमुळे होतो. अंग चाटताना मांजर पिसू गिळते आणि तिच्या पोटातला जंत मांजराच्या पोटात जातो. गोळीने तो मरतो, पण मांजर ज्या गोणपाटावर झोपते त्यात पिसवा तशाच राहिल्या तर तीनेक आठवड्यांत दाणे पुन्हा दिसतात. म्हणून गोळी देण्याच्या दिवशीच गोणपाट कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावे. पिसवांचे औषधही मांजराचेच मागून घ्यावे, कारण कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते अंगाला चोळलेले मांजर झटके येऊन मरते.