भरतीच्या वेळी पक्षी कुठे जातात?

चैत्र सरून वैशाख लागला की ठाणे खाडीतल्या पक्ष्यांचे रंग बदलू लागतात. हिवाळाभर राखी-तपकिरी दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा मानेपासून छातीपर्यंत विटकरी होतो. बाकचोच तुतवार पोटापर्यंत तांबूस दिसतो. छोट्या वाळू चिखल्याच्या छातीवर नारिंगी पट्टा उमटतो. ही विणीची पिसे. वीण मात्र इथे व्हायची नसते. तुतवार सैबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात अंडी घालतो आणि वाळू चिखल्या मध्य आशियातल्या उंच पठारांवर. निघण्यापूर्वीचे शेवटचे आठवडे हे पक्षी भांडुप, ऐरोली, शिवडी, उरणच्या चिखलात अखंड खात असतात, कारण पुढच्या प्रवासाची चरबी इथेच साठवायची असते. ज्यांची उमर अजून विणीची झालेली नाही असे काही पक्षी उत्तरेला जातच नाहीत, सबंध उन्हाळा इथेच काढतात.

पक्षी बघायचा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी, असा आपला समज आहे. हवा तेव्हा गार असते, सहली तेव्हाच निघतात. पण खाडीचे खरे मोल कळायचे तर एप्रिल-मेमध्ये जायला हवे, असे मी आग्रहाने सांगेन. तोवर देशावरची तळी आटतात, गुजरातेतल्या पाणथळी भेगाळतात. खाडीचा चिखल तेवढा दिवसातून दोनदा ओला होत राहतो. थंडीत पक्ष्यांना चार ठिकाणे असतात, मे महिन्यात निवड फारशी उरत नाही.

रोहित पक्ष्यांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, मुंबईतल्या मुक्कामाचे गणितही असेच आहे. १९९४च्या सुमारास शिवडीच्या चिखलात ते लक्षात येण्याजोग्या संख्येने दिसू लागले. आज भरात आलेल्या हंगामात खाडी आणि आसपासच्या पाणथळींवर मिळून त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. त्यांतले बहुसंख्य छोटे रोहित असतात, उंचीने जेमतेम तीन फुटांचे, गडद लाल चोचीचे. मोठा रोहित जवळजवळ माणसाच्या खांद्याला लागतो, त्याची चोच फिकट गुलाबी असून फक्त टोकाला काळी असते. दोघे एकाच चिखलात शेजारी शेजारी चरतात तरी त्यांच्यात भांडण होत नाही, कारण दोघांचे अन्न वेगळे. छोटा रोहित चोच उलटी करून पाण्याच्या वरच्या थरातले नीलहरित शैवाल आणि डायटम गाळून घेतो. त्याच्या चोचीतली चाळण फार बारीक असते. मोठा रोहित तळाचा गाळ ढवळून त्यातले किडे, शिंपले आणि बारीक कोळंबीसारखे जीव टिपतो. पिसांचा गुलाबी रंगही अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतूनच येतो. करडी पिले गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून थव्यात करडे पक्षी दिसले तर ती अलीकडच्या विणीची पिले समजावीत.

एवढे शैवाल खाडीत आले कुठून? दोन्ही काठांवरच्या वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत येत आहे आणि त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल पोसते, असे कारण अभ्यासक देतात. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्या सांडपाण्याबरोबर कारखान्यांची रसायने आणि प्लास्टिकही येते, तेव्हा आपल्या घाणीवर पक्षी जगतात यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

पावसाळा लागला की खाडीचे पाणी गोडसर होते, शैवाल वाहून जाते, आणि तिकडे कच्छच्या रणात पाणी भरते. रोहित तिकडे विणीला जातात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२मध्ये काही रोहितांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली आणि त्यांतल्या काहींना निसर्गतज्ज्ञांची नावे दिली. हुमायून अब्दुलअलींच्या नावाचा रोहित पावसाळ्यात भावनगरच्या किनाऱ्याला पोहोचलेला दिसला. मुंबई आणि खंबातचे आखात ही एकाच पक्ष्याच्या वर्षाची दोन घरे आहेत, हे त्यातून नकाशावर आले.

ऑगस्ट २०१५मध्ये सरकारने ठाणे खाडीतले सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन, बाकीचे पाणी आणि चिखल. मालवणनंतरचे राज्यातले हे दुसरे सागरी अभयारण्य. २०२१मध्ये त्याभोवती ४८.३२ चौरस किलोमीटरचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरले. २०२२मध्ये नांदूर मधमेश्वर आणि लोणारपाठोपाठ ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या वेळच्या नोंदीत इथल्या पक्ष्यांच्या २०२ जाती आहेत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात बोटी सुटतात. त्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते, आणि ते योग्यच आहे.

या किनाऱ्याच्या कोळ्यांना भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. सकाळी जी वेळ, साधारण तीच रात्री, थोडी पुढे सरकून. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, चिखलाची कड उघडी राहते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते आणि सगळा चिखल पाण्याखाली जातो. पक्षी बघणाऱ्याने तिथी पाहूनच घर सोडावे. भरती चढत असताना, पूर्ण व्हायला दोन-अडीच तास असताना, पक्षी काठाकडे सरकत येतात आणि दुर्बिणीत नीट भरतात. ओहोटीत तेच पक्षी किलोमीटरभर आत ठिपके होऊन जातात.

वाट पाहताना चिखलाकडेही बघावे. निवट्या छातीच्या परांवर रेटत चालतात, एकमेकींवर चाल करून जातात, पाठीचा पर उभारून धमकावतात. मासा असून त्या पाण्याबाहेर तासन्‌तास राहतात. एक नांगी अवाढव्य वाढलेले नर खेकडे ती नांगी वर-खाली करत माद्यांना बोलावतात. करड्या रंगाचा समुद्र बगळा आणि त्याचाच पांढरा भाऊबंद उथळ पाण्यात पळत मासे हेरतात. तिवरांच्या मुळांशी पहाटे कधी कोल्हा दिसतो. मुंबई-नवी मुंबईच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे राहतात, हे शेजारच्या इमारतींमधल्या बहुतेकांना ठाऊक नसते. वर एखादा कैकर मासा पंजात लांबट धरून विजेच्या मनोऱ्याकडे निघालेला असतो.

आता उधाणाच्या दिवसाचा विचार करा. मे महिना, भर दुपार, चिखल पूर्ण बुडालेला. तुतवार आणि चिखल्यांचे पाय बोटभर लांब, ते पाण्यात उभे राहू शकत नाहीत, आणि रोहितांनाही अडीच-तीन पुरुष पाण्यात थारा नाही. पाणी उतरेपर्यंतचे काही तास हजारो पक्ष्यांना उघडी, उथळ, निवांत जागा लागते. ती जागा अभयारण्याच्या रेषेत फारशी नाही. कांदळवनात दाटी असते, तिथे हे पक्षी उतरत नाहीत, त्यांना चारी बाजूंनी दूरवर दिसावे लागते. म्हणून ते भांडुपच्या पंपिंग स्टेशनजवळच्या पाणथळीत, पडीक मिठागरांत, नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर आणि उरणकडे पाणजे, बेलपाडा, भेंडखळला जातात. अर्धा दिवस अभयारण्यात, अर्धा दिवस बाहेर. कायदा त्यांच्या अर्ध्या दिवसाचेच रक्षण करतो.

नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी हे ओळखूनच भांडुप, पाणजे, बेलपाडा, भेंडखळ आणि नेरुळ-सीवूड्सकडच्या टी. एस. चाणक्य व एनआरआय या सहा पाणथळींना अभयारण्याच्या जोडपाणथळी मानून जपावे, असे सुचवले. माझ्या दृष्टीने खाडीसंबंधी गेल्या दहा वर्षांत मांडलेला हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे. त्याच्यामागे पक्ष्यांच्या प्रत्यक्ष हालचालींच्या नोंदी आहेत.

या जागा एकेक करून निसटत असल्याचे दिसते. नेरुळच्या डीपीएस तळ्यात खाडीचे पाणी यायची वाट अडली, पाणी साचले आणि २०२४च्या एप्रिलमध्ये तिथे रोहित मरून पडले. गवगवा झाला, समिती बसली, आणि २०२५मध्ये सरकारने ते तळे संवर्धन राखीव करण्याचा निर्णय जाहीर केला. २० मे २०२४च्या रात्री मुंबईत उतरू पाहणारे विमान घाटकोपरवर रोहितांच्या थव्यात शिरले आणि सुमारे चाळीस पक्षी वस्तीत पडले. ते पक्षी विमानाच्या वाटेत का आले याचे नेमके कारण कोणी काहीही सांगो, रात्री उडणाऱ्या थव्यांना उतरायच्या जागा कमी होणे हे धोक्याचेच आहे. त्याच वर्षी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घरांसाठी द्यायचे ठरले. घरांची गरज खरी आहे, ती नाकारणे मला पटत नाही. पण मिठागर ही रिकामी जमीन नव्हे. भरतीचे पाणी आणि भरतीचे पक्षी, दोन्ही ती सामावून घेते.

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. खाडीच्या वरच्या, अरुंद भागात गाळ साचून तिवरांची झाडे चिखलावर पसरत गेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये खारफुटी तोडीवर बंदी घातली, २०१२मध्ये राज्याने कांदळवन कक्ष उभारला, २०२०मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. हे सगळे हवेच होते. पण जिथे उघडा चिखल होता तिथे दाट झाडी आली की तुतवार, पाणटिवळे आणि रोहित यांचे ताट लहान होते. खारफुटीची रोपे उघड्या चिखलावर लावण्याचे उत्साही कार्यक्रम पाहिले की मला आयोजकांना थांबवून विचारावेसे वाटते, इथे हिवाळ्यात कोण चरते ते पाहिले आहे का?

कामे फार अवघड नाहीत. जोडपाणथळींना भरतीचे पाणी आत-बाहेर करायला मोऱ्या मोकळ्या हव्यात. उधाणाच्या तासांत तिथे माणसे आणि कुत्री शिरू नयेत. कडेच्या दिव्यांचा झोत पाण्यावर पडू नये. चिखल कुठे राखायचा आणि झाडे कुठे वाढू द्यायची, हे ठरवताना पक्षी मोजणाऱ्यांना विचारले पाहिजे. आणि उरणच्या तीन पाणथळींचा निर्णय पुढच्या वैशाखाच्या आत व्हायला हवा, कारण निघण्यापूर्वी पाणटिवळ्यांना सव्वाअकराच्या भरतीला उभे राहायला जागा लागेल.