स्केटबोर्ड घेताय? आधी चाक बघा, मग जागा

बेळगावला स्केटिंग नवीन नाही. पायात चार चाकांचे बूट घालून रिंकवर गोल फिरणारी पोरे आणि भल्या सकाळी त्यांना स्कूटरवरून सोडायला येणारे आई-बाबा, हे चित्र शहराच्या ओळखीचे आहे. त्यामुळे घरातल्या पोराने ‘मला स्केटबोर्ड पाहिजे’ म्हणून हट्ट धरला की अनेकांना वाटते, हेही त्यातलेच काहीतरी असणार. बोर्ड घरी येतो. आठ दिवस अंगणात आवाज करतो आणि मग माळ्यावर जाऊन बसतो.

यात दोष बहुतेक वेळा पोराचा नसतो. एक तर चाक चुकीचे असते, नाहीतर चालवायला जागा नसते. गंमत म्हणजे या खेळाचा सत्तर वर्षांचा इतिहासही याच दोन गोष्टींवर फिरतो. चांगले चाक मिळाले तेव्हा खेळ वाढला, जागा बंद झाली तेव्हा बसला.

रोलर स्केटचेच भावंड

स्केटबोर्डचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 1950च्या दशकात झाला. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या सर्फर पोरांना लाटा नसतील त्या दिवशी करायचे काय, हा प्रश्न होता. त्यांनी जुन्या रोलर स्केटची चाके काढून लाकडी फळीला ठोकली आणि फुटपाथवरच ‘सर्फिंग’ सुरू केले. म्हणजे आपल्या रिंकवरच्या बुटाचे आणि या बोर्डाचे घराणे एकच.

पण चाके होती लोखंडी. त्यांचा खडखडाट सगळ्या गल्लीला ऐकू जायचा आणि पकड काहीच नसायची. पुढे मातीच्या मिश्रणाची चाके आली. ती थोडी शांत चालायची, पण लवकर झिजायची. रस्त्यात बारीकसा खडा जरी आडवा आला तरी चाक जागेवर अडायचे आणि पोरगा तोंडावर पडायचा.

तरीही धंदा जोरात चालला. 1963 मध्ये मकाहा कंपनीने व्यावसायिक दर्जाचे बोर्ड बाजारात आणले, स्पर्धाही भरू लागल्या. मग अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. मे 1965 मध्ये ‘लाइफ’ या मोठ्या साप्ताहिकाने पॅट मॅकगी या तरुणीचे बोर्डावर हातांवर उभे राहिलेले छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. त्यासोबतचा सूर होता, ‘हे वेड आहे आणि धोकाही’. अनेक शहरांनी रस्त्यावर स्केटबोर्डला बंदी केली. दुकानदारांनी मागणी रद्द केली, कंपन्यांकडे माल पडून राहिला. दोन-तीन वर्षांत फुगलेला बाजार बघता बघता फुटला.

एका चाकाने फिरवलेला बाजार

खेळ वाचवला तो पुन्हा रोलर स्केटच्याच चाकाने. व्हर्जिनिया राज्यातल्या एका कारखान्यात युरेथेन नावाच्या प्लास्टिकची चाके बनत होती. रिंकवर भाड्याने मिळणाऱ्या स्केटसाठी ती होती, पण मऊ असल्याने वेगाच्या शौकिनांना आवडत नव्हती. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने ती बघितली आणि स्केटबोर्डला लावून पाहिली. बोर्ड खड्यावरून अडखळत नव्हता, वळणावर घसरत नव्हता, आवाजही कमी. 1973च्या सुमारास कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने त्याने ही चाके विकायला सुरुवात केली.

त्याआधी 1969 मध्ये लॅरी स्टीव्हनसन यांनी बोर्डाची मागची बाजू वर वळवली होती. या शेपटीवर पाय दाबला की पुढची बाजू उचलली जाते. मागोमाग बंद बेअरिंगची चाके आली. पूर्वी चाकात सुट्या गोळ्या भरायला लागायच्या आणि त्या रस्त्यात सांडायच्या, तो व्यापही गेला. आजचा बोर्ड या सुधारणांवरच उभा आहे.

जागा मिळाली, जागा गेली

1976-77 मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. पाणी वापरावर बंधने आली आणि बंगल्यांच्या आवारातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्या तलावांचा तळ आणि भिंती गोलाईत जोडलेल्या असतात. सांता मोनिका, व्हेनिस भागातली पोरे कुंपणावरून उड्या मारून आत शिरायची आणि त्या गोलाईवर बोर्ड चढवायची. टोनी अल्वा, स्टेसी पेराल्टा, जे ॲडम्स ही नावे याच काळातली. आज ऑलिंपिकमध्ये ‘पार्क’ प्रकारासाठी खोलगट वाडग्यासारखा जो ट्रॅक दिसतो, त्याचे मूळ या रिकाम्या तलावांत आहे.

त्याच सुमारास पैसे घेऊन प्रवेश देणारे काँक्रीटचे स्केटपार्क उभे राहिले. पण पोरे पडायची, पालक कोर्टात जायचे, विम्याचे हप्ते चढायचे. दशक संपता संपता हिशेब जमेनासा झाला आणि पार्क एकामागून एक बंद पडले, काही तर बुलडोझरने सपाट केले. खेळाडू तयार होते, बोर्डही चांगले होते. गेली ती जागा.

मग पोरे रस्त्यावर आली. 1978च्या सुमारास फ्लोरिडातल्या ॲलन ‘ऑली’ गेलफँड या मुलाने हाताने न धरता बोर्डासकट हवेत उडी मारायची युक्ती शोधली होती. रॉडनी मुलन याने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ती सपाट जमिनीवर करून दाखवली. मागच्या पायाने शेपटी जमिनीवर आपटायची, बोर्ड वर उसळला की पुढचा पाय घासत पुढे न्यायचा, बोर्ड हवेत सरळ होतो. या ‘ऑली’मुळे पायरी, कठडा, बाक सगळेच खेळाचे साहित्य झाले. ‘स्ट्रीट’ प्रकार यातूनच आला.

जागेचा प्रश्न दोन मार्गांनी सुटत गेला. 1990 मध्ये पोर्टलँड शहरात बर्नसाइड पुलाखालच्या पडीक जागेत स्केटर पोरांनी परवानगी न विचारताच स्वतःच्या हाताने काँक्रीट ओतून पार्क बांधायला घेतला. महापालिकेने पुढे त्याला मान्यता दिली. दुसरा मार्ग कायद्याचा. कॅलिफोर्नियाने 1990च्या दशकाच्या अखेरीस स्केटबोर्डिंगला धोक्याच्या खेळांच्या यादीत घातले. याचा अर्थ असा की, पार्कमध्ये हेल्मेट, गुडघा व कोपराचे पॅड सक्तीचे केले की साध्या पडझडीची जबाबदारी शहरावर येणार नाही. भरपाईची भीती कमी झाल्यावर पालिकांनी सार्वजनिक पार्क बांधायला हात सैल सोडला.

ऑलिंपिक आणि आपल्याकडे

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 मध्ये, स्केटबोर्डिंगचा पहिल्यांदा समावेश झाला. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानची मोमिजी निशिया 13व्या वर्षी सुवर्ण घेऊन गेली. रौप्य मिळवणारी ब्राझीलची रायसा लियालही 13 वर्षांचीच होती. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांची दोन्ही सुवर्णपदके 14 वर्षांच्या मुलींनी जिंकली. ‘मोठा झाल्यावर बघू’ हे वाक्य या खेळात चालत नाही.

भारतात हा खेळ रोलर स्केटिंग फेडरेशनच्या छत्राखाली येतो. 2022 मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंग होते आणि त्यात पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्राला सुवर्ण मिळवून दिले. 

पण जागेने काय होते ते बघायचे तर मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार गावी जायला हवे. जर्मनीच्या उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये त्या छोट्या गावात काँक्रीटचा स्केटपार्क सुरू झाला. नियम दोनच ठेवले: शाळेत गेल्याशिवाय बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. गावात आदिवासी आणि यादव वस्त्यांत अंतर होते. पार्कवर मात्र दोन्हीकडची पोरे एकच बोर्ड आळीपाळीने वापरू लागली. तिथली आशा गोंड 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. गावात ना मोठे दुकान, ना स्केटिंगची परंपरा. होता तो एक गुळगुळीत काँक्रीटचा तुकडा आणि तो वापरायची मोकळीक.

दुकानात गेल्यावर काय बघायचे

स्केटबोर्डचे भाग मोजकेच असतात.

फळी: चांगली फळी मेपल लाकडाच्या सात पातळ थरांची असते. रुंदी साधारण 7.75 ते 8.5 इंच. लहान पोरांना त्याहून थोडी अरुंद चालते. वर सँडपेपरसारखा खरखरीत कागद असतो, तो पायाला पकड देतो.

ट्रक: फळीखालच्या धातूच्या दोन जोडण्यांना ट्रक म्हणतात. ते ॲल्युमिनियमचे हवेत. आतल्या रबरी वॉशरमुळे अंगाचा भार एका बाजूला टाकला की बोर्ड वळतो. ट्रक प्लास्टिकचे असतील तर तो बोर्ड खेळणे समजून खाली ठेवावा.

चाक: इथेच बहुतेकांची फसगत होते. चाकावर दोन आकडे असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये; दुसरा कडकपणा, पुढे ‘ए’ अक्षर. 50 ते 54 मिमी आणि 99ए च्या आसपासचे चाक लहान व कडक. ते गुळगुळीत काँक्रीटवर आणि उड्यांसाठी ठीक. आपल्याकडच्या खडीच्या डांबरी रस्त्यावर तेच चाक हात-पाय झिणझिण्या येईपर्यंत थरथरते. रस्त्यावर नुसते फिरायचे असेल तर 78ए ते 87ए मधले मऊ आणि थोडे मोठे चाक घ्यावे. फळी तीच ठेवून नुसती चाके बदलता येतात, हे अनेकांना माहीत नसते.

बेअरिंग: एका बोर्डाला आठ लागतात. माप 608, आतला व्यास 8, बाहेरचा 22 आणि जाडी 7 मिमी. रोलर स्केटमध्येही साधारण हेच वापरतात, आणि बेअरिंगच्या दुकानातही हे माप सहज मिळते. त्यामुळे एक बेअरिंग गेले म्हणून बोर्ड टाकायची गरज नाही.

दुकानात तीन गोष्टी करून बघाव्यात. चाक बोटाने फिरवावे. लगेच थांबले तर बेअरिंग हलके आहे. पोराला फळीवर उभे करून डावी-उजवीकडे झुकायला सांगावे. बोर्ड वळायला हवा. फळी मधोमध वाकत नाही ना, तेही बघावे.

हेल्मेटशिवाय बोर्ड घेऊच नये. मोटारसायकलचे हेल्मेट जड पडते. स्केटिंगचे हेल्मेट डोक्याच्या मागचा भागही झाकते. नवशिक्याचा पहिला आधार तळहात असतो, म्हणून मनगट सर्वाधिक दुखावते. मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड या खर्चात आधीच धरावेत.

एक गोष्ट आपल्या हवामानाची. बेळगावच्या पावसात बोर्ड बाहेर काढू नये. फळी पाणी पिते, थर सुटतात, बेअरिंगला गंज चढतो. जून ते सप्टेंबर घरात चटईवर ऑलीचा सराव केलेला बरा.

आणि चालवायचे कुठे?

रहदारीचा रस्ता ही जागा नव्हे, यावर वाद नको. गल्लीतला उतारही नवशिक्यासाठी धोक्याचा, कारण बोर्डाला ब्रेक नसतो.

सुरुवातीला फार मोठे काही लागत नाही. बॅडमिंटन कोर्टाएवढी सपाट, वाळू नसलेली काँक्रीटची जागा पहिल्या सहा महिन्यांना पुरते. पुढे हातभर उंचीचा एक कठडा आणि छोटा उतार एवढ्यावर पोरे वर्षभर शिकतात. रिंकची फरशी शिकायला उत्तम, फक्त वेगात फिरणाऱ्या रोलर स्केटरांच्या मध्ये सुटा बोर्ड गेला तर अपघात ठरलेला. म्हणून वेळ वेगळी हवी. ज्या गावात आधीच रिंक आहे, प्रशिक्षक आहेत, पडल्यावर उठायची सवय असलेली पोरे आहेत, तिथे आठवड्यातले दोन तास बाजूला काढणे ही खर्चाची बाब नाही. रिंक चालवणाऱ्यांकडे चार पालकांनी मिळून जाऊन विचारायचे आहे, एवढेच.

तेव्हा या सुट्टीत पोराने हट्ट धरला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच मोबाइलवरून मागवूही नका. आधी त्याला सोबत घेऊन घराच्या आसपास एक फेरी मारा आणि तू हे चालवणार कुठे, ते दाखव, असे सांगा. शाळेचे मैदान, मंगल कार्यालयाचे आवार, सोसायटीचे रिकामे पार्किंग, कुठेतरी जागा निघेल. ती निघाली की चाक कुठले घ्यायचे, हे त्या जमिनीकडे बघूनच कळेल.