दोह्यातली सिगारची परीक्षा

आपल्या लहानपणी ‘चिरूट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. साहेब ओढतो तो चिरूट आणि बाकीचे ओढतात ती विडी. शब्द मूळचा तमिळ, सुरुट्टू म्हणजे गुंडाळलेलं. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी विलायतेपर्यंत जात. आता सिगार म्हणतात, आणि मोठ्या हॉटेलात एका सिगारच्या पैशात निपाणीच्या तंबाखूच्या विड्यांचे किती कट्टे येतील हा हिशोब न केलेलाच बरा.

आमच्या नात्यातला अलिबागचा एक मुलगा कतारला, दोह्याच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरीला आहे. सिगार ओढणाऱ्या पाहुण्यांची तिथे वेगळी खोली असते, ती तो सांभाळतो. स्वतः विडीकाडीला शिवत नाही. गेल्या खेपेला आम्ही अलिबागला होतो तेव्हा तोही रजेवर आलेला. दाखवायला म्हणून एक सिगार घेऊन आला होता. पेटवायचा नाही या बोलीवर आम्ही तो घरात येऊ दिला, आणि मुलं भोवती जमली.

सिगारची निम्मी परीक्षा काडी लावायच्या आधीच होते, बरं का! आत कागद नाही की कापूस नाही, सगळी पानंच. मधे भरण, त्यावर ते बांधून ठेवणारं पान, आणि सगळ्यांत वर दिसायला सुरेख, शिरा बारीक असलेलं पांघरुणाचं पान. भरणातली पानंसुद्धा झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची असतात. खालची नीट जळतात, मधली वास देतात, शेंड्याची कडक असतात. ती किती किती घालायची यातच कारागिराची कसब. त्याने दोन बोटांनी सिगार हलकेच दाबत नेला. कुठे पोकळ लागला तर तिथे भराभरा जळून तोंड भाजतं, कुठे गाठ लागली तर ओढून ओढून गाल दुखतात. वरचं पान काळपट असलं म्हणजे सिगार कडक, असं पाहुणे समजतात. ते खरं नाही, कडकपणा आतल्या भरणावर असतो.

मग वास. सिगार हातोहात फिरला. कोणी म्हणालं लाकूड, कोणी म्हणालं चामड्याची नवी चप्पल. आमची सात वर्षांची नात नाक मुरडून म्हणाली, “गोठा!” सगळे हसले. पण तो म्हणाला, “मावशी, हिला पैकीच्या पैकी!” पानं ढीग घालून आंबवतात तेव्हा अमोनिया सुटतो, आणि क्युबाच्या सिगारला तो गोठ्याचा वास थोडा राहतोच. जाणकार तसं लिहूनसुद्धा ठेवतात. अमेरिकेत १९९२ पासून निघणाऱ्या ‘सिगार अफिशिओनाडो’ मासिकात १०० पैकी गुण देतात, आणि परीक्षकांना नाव कळू नये म्हणून सिगारवरची कागदी पट्टी आधी काढून टाकतात. हे आम्हांला फार पटलं. नाव बघून चव सांगणारे सगळीकडे असतात.

पेटवल्यावर बघायचं ते असं. टोपीचा नुसता शेंडा कापायचा. काडीची ज्योत लांबून दाखवून टोक सगळीकडून सारखं तापवायचं. मिनिटाला एखादा झुरका, त्याहून जास्त नाही. कड सारखी जळते का, राख बोटाच्या पेराएवढी टिकते का, आणि चव पहिल्या, मधल्या, शेवटच्या तिसऱ्या भागात बदलते का. एकच चव शेवटपर्यंत राहिली तर गुण कमी. राख पांढरी की करडी, यावरून लोक वाद घालतात. तो मातीतल्या क्षारांचा प्रश्न आहे.

दोह्यात सगळ्यांत अवघड काम सांभाळण्याचं. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे, आत एसीची कोरडी हवा. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के ओल लागते, म्हणून स्पॅनिश सीडरच्या लाकडाच्या कपाटात ठेवतात. खोली गरम झाली की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटतात आणि पानाला सुईएवढी भोकं पडतात. आमच्याकडे तांदळात टोके होतात, तसंच. एक पेटी गेली की शेजारची जाते. शिवाय नकली माल. क्युबाच्या पेटीवर १९१२ पासून सरकारी हमीचा शिक्का असतो, तो भिंग लावून तपासावा लागतो. २०२२ साली क्युबाच्या नामांकित सिगारचे भाव फार चढले, तेव्हापासून तो जास्तच बारकाईने बघतो.

आता मुद्द्याचं. त्याला बढती देऊ केली होती. पाहुण्यांसोबत बसायचं, रोज दोन-तीन सिगार स्वतः चाखून सल्ला द्यायचा. पगार जवळजवळ दीडपट. घरावर कर्ज आहे, धाकट्या बहिणीचं कॉलेज आहे. “मावशी, सिगारचा धूर आत घेत नाहीत, मग काय होतं?” असं त्याने आम्हांला विचारलं.

आम्ही चाळीस वर्षं इस्पितळात काढली आहेत. सिगारचा धूर गिळावा लागत नाही, कारण त्यातलं निकोटिन तोंडाच्या कातडीतूनच रक्तात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगारेटींएवढा तंबाखू असू शकतो. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारने होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९९८ सालीच छापलं आहे. मशेरीने गाल सडलेल्या बायांना आम्ही नळीने पेज घातली आहे. ते त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. न ओढताही आठ तास त्या धुरात उभा राहतोस, हेही सांगितलं.

कतार सरकार या बाबतीत ढिलं नाही. २०१६ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी, शाळेपासून एक किलोमीटरच्या आत दुकान नाही, मुलं गाडीत असताना ओढली तर दंड. २०१९ पासून तंबाखूवर शंभर टक्के कर. हमद मेडिकल कॉर्पोरेशनमध्ये व्यसन सोडवण्याचं केंद्र आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्याला आपलं सहयोगी केंद्र केलं. पण कायदा पाहुण्याला आवरतो, तबक घेऊन उभ्या पोराचं काय?

त्याने बढती नाकारली नाही, वेगळीच मागितली. चाखणं दुसऱ्याने करावं, आपण कोठार बघू. माल उतरवणं, शिक्के, ओल, किडा. साहेबांनी बरीच घासाघीस केली. शेवटी आठवड्यातले चार दिवस कोठार आणि दोन दिवस खोली असं ठरलं, पगार थोडाच वाढला. त्याची आई आमच्यावर जरा नाराज आहे, आणि कर्जाचे हप्ते तिलाच मोजावे लागतात, तेव्हा तिचंही चूक म्हणवत नाही.

त्या दोन दिवसांवर आमचा अजून डोळा आहे. फुप्फुसाची फुंकून करायची तपासणी करून घे, असं फोनवर सांगितलं आहे. पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली म्हणतो. कागद हातात पडला की आधी आम्हांला पाठव, असं बजावून ठेवलं आहे.