इंजिन सोपं, पत्रा अवघड, आरसी त्याहून अवघड

भोसरी एमआयडीसीत कुठल्याही जुन्या गाडीच्या पार्टबद्दल विचारा, 'करून देऊ की' असंच उत्तर येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. टेल्को, बजाज ऑटो आणि बजाज टेम्पोच्या आसऱ्याने वाढलेल्या या लेथ-वेल्डिंगच्या मुलखात लोखंडाचं काम अडत नाही. म्हणूनच इथल्या हौशी माणसाला वाटतं, की गंजलेली जुनी गाडी उचलावी, नवं दणकट इंजिन टाकावं आणि पावसाळ्याआधी लोणावळा गाठावा. गाडी बहुधा टाटा सिएरा. अस्सल स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे फारशा झाल्याच नाहीत, गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म हा अपवाद. पण १९९१ साली पिंपरीच्या टेल्कोतून आलेल्या तीन दारांच्या सिएराचा रुबाब स्पोर्ट्‌स कारचाच होता. इंजिन मात्र १९४८ सीसीचं डिझेल, ताकद सत्तर अश्वशक्तीच्याही आत. हात शिवशिवतात ते इथेच.

आणि पहिला गैरसमजही इथलाच: इंजिन हेच मोठं काम. प्रत्यक्षात आधी पत्रा बघायचा असतो. 'घासून पुट्टी भरली, रंग मारला, गंज गेला' असं सर्रास सांगितलं जातं. गंज जात नाही, फक्त दिसेनासा होतो. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून रंगाला आधी फुगे येतात. फुगा दिसला तेव्हा पत्रा बहुधा आतून खाल्लेला असतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानीवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे जाड पुट्टी आहे. मग गाडीखाली शिरून सिल, फ्लोअर आणि बॅटरीखालचा ट्रे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. सिएराची बॉडी चॅसीवर बसवलेली असते, त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी गाडी वाचते. चॅसीचाच रेल पोखरला असेल तर व्यवहार तिथेच सोडावा. स्टॉर्मची बॉडी फायबरची, म्हणून तिला गंजाची भीती नाही असं म्हणणाऱ्यांनीही खालचा पोलादी सांगाडा बघावा.

गंज कन्व्हर्टरही जादू नव्हे. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल वरच्या गंजाचा स्थिर थर करतं. भोक भरत नाही. सडलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढायचा, तेवढाच वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमीचा सीआरसी पत्रा बेतायचा आणि सीओटू वेल्डिंगने जोडायचा. सलग वेल्डिंग केलं की पत्रा पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मधे गार होऊ द्यायचं. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा वापरू नये. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. हे काम दिवाळी ते होळी उरकावं. आषाढात संध्याकाळी उघडा ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो.

एक गैरसमज मात्र जीवावरचा आहे: 'टाकी रिकामी आहे, लाव वेल्डिंग.' रिकाम्या पेट्रोल टाकीत उरलेली वाफ आणि हवा यांचं मिश्रण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त स्फोटक असतं. टाकी उतरवून लांब ठेवायची, बॅटरीची तार काढायची, मगच ठिणगी.

आता इंजिन. गिअरबॉक्सशी बोल्ट जुळवणारी प्लेट व्हीएमसी मशीनवर काढून मिळते, पण बोल्ट जुळणं म्हणजे बसणं नव्हे. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांचे मध्य मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जुळले नाहीत तर क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. शिवाय माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि कोन, रेडिएटर, आणि दुप्पट ताकदीला पुरतील असे ब्रेक. कॉमन रेल इंजिन असेल तर ईसीयू, इमोबिलायझर आणि वायरिंगचा अख्खा गुंता सोबत येतो. तरी हे सगळं होतं. कंपन्यांनीही केलंच की: प्रीमियर ११८ एनई म्हणजे फियाट १२४ च्या धाटणीची बॉडी आणि आत निसानचं ११७१ सीसी इंजिन.

फरक एवढाच, की कंपनी त्या जोडीची मान्यता घेऊन गाडी विकते. 'इंजिन बदलायचं आणि आरटीओत नंतर कळवायचं' हा समज सगळ्यात महागात पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन एमएच-१४ च्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या आरटीओ कार्यालयातून आधी परवानगी घेऊन बसवता येतं. त्यासाठी इंजिनाची पावती हवी; 'भंगारातून आणलं' हे उत्तर चालत नाही. आणि भंगाराचं म्हणाल तर जवळच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामंही फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली गेली.

'गाड्या तपासणारी एआरएआय आपल्या पुण्यातच आहे, गाडी नेली की प्रमाणपत्र मिळेल' असंही ऐकू येतं. सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किटला तिथे किंवा भोसरीच्या सीआयआरटीसारख्या संस्थेत मान्यता मिळते ती किटच्या उत्पादकाला. घरी जमवलेल्या जोडीला नाही. कायद्यात बसणारी अदलाबदल हवी असेल तर मान्यताप्राप्त किट हा सरळ रस्ता आहे.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हा दिल्लीच्या बातम्या वाचून झालेला समज. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली, शुल्क आणि पर्यावरण कर भरला, की नोंदणीचं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं.

राहिली 'व्हिंटेज' पाटी. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज ठरते. नोंदणीचे २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, रोजच्या वापराला मनाई. म्हणजे १९९१ ची सिएरा २०४१ मध्ये पात्र होईल, तेही मूळ इंजिनासह. तेव्हा ते जुनं १९४८ सीसीचं इंजिन किलोच्या भावाने घालवू नका. तेल भरून, तोंडं बंद करून, नंबर दिसेल असं फळीवर ठेवा.