जॉन मॅकॉर्मॅक : ऑपेरा सोडून मैफलीकडे

जन्म : १४ जून १८८४, अथलोन, आयर्लंड. मृत्यू : १६ सप्टेंबर १९४५. आवाज : टेनर, म्हणजे पुरुषांच्या गळ्यातली उंच पट्टी.

१९०३ मध्ये डब्लिनच्या 'फेश क्योल' स्पर्धेत सुवर्णपदक, मिलानमध्ये गायनशिक्षक सबातिनींकडे तालीम, १९०६ मध्ये सावोनात ऑपेरापदार्पण, १९०७ मध्ये लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह. एवढी चढण चढल्यावर ते मैफलींत साधी आयरिश गाणी गाऊ लागले, म्हणून त्यांनी गळा स्वस्तात विकला असा आक्षेप घेतला जातो. पण मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी'तल्या 'इल मिओ तेझोरो'चं त्यांचं गाजलेलं ध्वनिमुद्रण १९१६ चं, म्हणजे नेमकं मैफलींच्या काळातलं आहे. त्यातली लांबलचक तान त्यांनी एका दमात घेतली आहे. गळा उतरलेल्याचं हे काम नव्हे. मैफलींत पैसा मिळत होता, हे खरंच. मात्र अभिनय आपला प्रांत नाही, हे ते स्वतःच कबूल करत, आणि मैफलीत तो लागतही नव्हता. लागत होते स्वच्छ शब्दोच्चार, आणि ते तर त्यांचं बलस्थान.

पुढे : १९१७ अमेरिकी नागरिकत्व, १९२८ पोपकडून काउंट किताब, १९३२ डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये 'पानिस अँजेलिकस' या लॅटिन स्तोत्राचं गायन, १९३८ लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाची मैफल. (दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर रेडक्रॉससाठी पुन्हा गायलेच.)