घंटा वाजली, पण कशाची?

आमची धाकटी कन्या उल्हासनगरच्या एका कॉलेजात जाते. परवा ती घरी आली ती मोठ्या ऐटीत. म्हणाली, "बाबा, आज आमच्याकडे संकटाची रंगीत तालीम झाली. घंटा वाजली, सगळे जिन्याने खाली उतरलो, मैदानात रांगा लावल्या, सरांनी डोकी मोजली. सहा मिनिटांत कॉलेज रिकामं!"

आम्ही कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "आग लागली तर ठीक. पण वास आला तर?"

वाचकहो, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या टापूत राहणाऱ्या गृहिणीलाच हा प्रश्न सुचावा! २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस वालधुनीच्या पात्रात कुणी रसायने ओतली आणि रात्रीतून उल्हासनगरच्या शेकडो माणसांना गुदमरून इस्पितळ गाठावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरला कारखान्यातून वायू सुटला. १२ सप्टेंबर २०२४ ला अंबरनाथकरांनी रात्रीच्या रस्त्यावर धुराचा पडदाच पाहिला. डोळे चुरचुरले, घसे खवखवले. तिन्ही वेळा रात्र होती म्हणून वर्ग रिकामे होते, इतकेच. दुपारी बारा वाजता तोच धूर आला असता तर?

तर ती सहा मिनिटांची तालीमच अंगाशी आली असती. क्लोरीनसारखा वायू हवेपेक्षा अडीचपट जड. तो जमिनीलगत सरपटतो, खोलगट जागी साचतो. आणि आपण तर मुलांना वरच्या मजल्यावरून उतरवून नेमके मैदानात उभे करणार! अशा वेळी मुलांनी आतच राहायचे. खिडक्या लावायच्या, पंखे आणि वातानुकूलन बंद करायचे, दाराखालच्या फटीत ओले फडके कोंबायचे, आणि वायू जड असेल तर वरचा मजला धरायचा. बाहेर पडणे भागच असेल तर वाऱ्याच्या पुढे पळायचे नाही. वायूही त्याच वाटेने येत असतो. वाऱ्याला आडवे जाऊन त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडायचे. नाकाला ओला रुमाल जरूर धरावा, पण त्याच्या भरवशावर रेंगाळू नये.

आगीचे उलट. तिथे क्षणभर न थांबता बाहेर, आणि लिफ्टला हात लावायचा नाही. भूकंपात आधी बाकाखाली, हादरे थांबल्यावर मोकळ्यावर. पुरात तर घरी निघण्याची घाईच घातक. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. आत हजाराच्या वर उतारू! खाली उतरू नका, गाडीतच थांबा, असे त्यांना वारंवार सांगितले गेले. मग बोटी आल्या, आपत्ती दलाचे जवान आले, जवळपासचे गावकरी धावले, आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर पडले. पाण्यात तासन्‌तास बसून राहायला काही कमी धीर लागत नाही.

म्हणजे संकटे चार, हुकूम चार. आणि घंटा मात्र एकच!

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. ती आपली, पालकांची. काही झाल्याचे कळताच आपण स्कूटर काढून कॉलेजच्या फाटकाशी धडकतो. शंभर पालक आले की फाटक बंद, आणि मागे बंब व रुग्णवाहिका भोंगा वाजवीत उभ्या. मुलांना फोनवर फोन करून यंत्रणा तुंबवतो ते वेगळेच. मदत हवी तर ११२ आहे, आगीला १०१, रुग्णवाहिकेला १०८. मुलाने एक ओळीचा निरोप पाठवावा आणि आपण घरीच थांबावे, हे आमच्याकडे ठरले. ठरले म्हणजे सौ.ने ठरवले, आमचा स्वभाव तिला ठाऊक आहे.

कन्येने हे सारे तिच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांपुढे मांडले. सर भले गृहस्थ. आता आगीला लांब घंटा, वायूला तुटक घंटा आणि बाकी सूचना कर्ण्यावरून, असे ठरते आहे. पुढची तालीम वायूची. वारा कुठून वाहतो ते दिसावे म्हणून गच्चीवर कापडी निशाण लावायचे आहे. त्यासाठी सौ.ने जुनी नारिंगी साडी काढून दिली. जरीचे काठ मात्र आधी उसवून ठेवून घेतले.