प्रिंटर अडकला, मालक तुळजापूरला! ॲडमिनचा पासवर्ड पोराला द्यायचा का?



जुलै महिना. कळंबकडच्या एका सेवा केंद्रात पीक विम्याची रांग पार रस्त्यावर आलेली, आणि नेमका तेव्हाच प्रिंटर अडकला. मालक तुळजापूरला गेलेले. काउंटरवरच्या पोराचा फोन आला, "दादा, प्रिंटच निघंना." दादांनी फोनवरच ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सांगून टाकला. रांग हलली. पण महिन्याभरात तो पासवर्ड तीन पोरांना पाठ झाला, आणि त्याच कॉम्प्युटरवर गावोगावच्या लोकांचे आधार, सातबारा, पासबुकाचे स्कॅन पडलेले.

दुकान तुमचं असेल तर ही जोखीमही तुमचीच आहे.

आधी प्रिंटर का अडकतो ते बघू. विंडोजमध्ये प्रिंटची रांग सांभाळणारी एक सेवा असते, स्पूलर. एखादं खराब काम तिच्या फोल्डरात रुतून बसलं की मागचं सगळं थांबतं. उपाय तीन पायऱ्यांचा: स्पूलर बंद करा, फोल्डरातल्या फाइल पुसा, स्पूलर चालू करा. या तीन ओळी नोटपॅडमध्ये लिहून फाइल 'डॉट बॅट' नावाने सेव्ह केली की झाली तुमची स्क्रिप्ट. (ओळी व्हिडिओत स्क्रीनवर दिसतात, तिथून उतरवून घ्या.)

आता त्या फाइलवर डबल क्लिक करा. 'सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड'. म्हणजे अधिकार नाही! २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजने ही सवय लावली. तुम्ही ॲडमिन म्हणून बसला असाल तरी प्रोग्राम साध्या अधिकारानेच सुरू होतो. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हटलं, 'येस' दाबलं, की मगच पूर्ण अधिकार मिळतो. आणि पोराचं खातं साधं असेल (असलंच पाहिजे), तर तिथे पासवर्ड मागणारच.

इथे एक खड्डा आहे, बरेच जण पडतात. बॅट फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की ती तुमच्या फोल्डरात नाही, विंडोजच्या 'सिस्टिम ३२' फोल्डरात उभी राहते. "अमुक फोल्डरात जा" अशी एक ओळ आणि "सगळं पुसा" अशी दुसरी ओळ लिहिली, आणि पहिली चुकली, तर दुसरी जिथे उभी आहे तिथलंच पुसायला लागते. विंडोज बऱ्याच फाइल वाचवतं, सगळ्या नाही. म्हणून पुसण्याच्या ओळीतच पूर्ण पत्ता लिहायचा.

मग पासवर्ड न देता पोराचं काम कसं व्हायचं? कुणी सांगेल, 'रन ॲज' कमांडला 'सेव्ह क्रेड' जोडा, पासवर्ड एकदाच टाकावा लागतो. नका करू. साठवलेल्या त्या पासवर्डवर पोरगं तुमची स्क्रिप्टच नाही, कुठलीही कमांड ॲडमिन म्हणून चालवू शकतं.

त्यापेक्षा टास्क शेड्युलर वापरा. ॲडमिन खात्यातून एक टास्क बनवा, ते 'सिस्टिम' या खात्याने चालेल असं निवडा, 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक करा. सुरू कधी व्हायचं? 'ऑन वर्कस्टेशन अनलॉक'. आता प्रिंट अडकली की पोराने विंडोज की आणि एल दाबून स्क्रीन लॉक करायची, आपल्या साध्या पासवर्डने परत उघडायची. स्क्रिप्ट मागच्या मागे चालते. पोराला अधिकार मिळाला तो एवढ्या एकाच कामाचा. लिनक्सवाल्यांकडे 'सुडो'मध्ये अशी एका कमांडपुरती परवानगी देण्याची सोय फार जुनी आहे, आपल्याला हे असं वळसा घालून करावं लागतं.

स्क्रिप्ट ठेवायची कुठे, हे हलक्यात घेऊ नका. डेस्कटॉपवर ठेवली तर पोरगं तीच फाइल उघडून आत काहीही लिहील, आणि ते पूर्ण अधिकाराने चालेल. सी ड्राइव्हवर नवा फोल्डर बनवला तरी साध्या खात्याला तिथे सहसा बदल करता येतो. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवा, तिथे लिहायला ॲडमिनच लागतो.

एक तोटा आहे. स्क्रीन उघडताच रांगेतले सगळे प्रिंट पुसले जातात, चांगलेसुद्धा. म्हणून प्रिंट चालू असताना लॉक करायचं नाही, हे काउंटरवर कागदावर लिहून चिकटवा. आणि जो पासवर्ड फोनवर सांगितला होता, तो आज दुकान बंद करायच्या आधी बदला.